दोन तास ऊन

"आठ महिन्यांत तीनचा साडेचार!" महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अपेक्षाचा चष्मा टेबलावर ठेवला. "घराबाहेर किती वेळ असतेस?"

"शाळा सुटली की घरातच. अभ्यास असतो," आठवीतली अपेक्षा म्हणाली.

"तिथंच चुकतंय. डोळ्यात भरपूर उजेड गेला की आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं. ते डोळ्याला सांगतं, बास, आता लांबू नकोस. तुझ्या डोळ्याला हे सांगायला कुणीच नाही. तो लांबतोय, नंबर वाढतोय. असाच लांबत राहिला तर पुढे पडदा फाटायची भीती. थेंब देतो, पण नुसत्या थेंबांवर भागायचं नाही. रोज दोन तास बाहेर राहायचं. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं. फुकटचं औषध आहे."

फुकटचं म्हणे! अपेक्षाला घरचं दुकान आठवलं. हिरकणीवाडीत, रोपवेच्या रस्त्याला तिच्या वडिलांचं, आबांचं, ताक-सरबताचं दुकान होतं, उघड्यावर. आत्ता शेजारी बसलेली तिची मोठी बहीण पूजा, तीही आधी "दोनच तास बस गो" म्हणूनच तिथं बसली होती. नववीत तिची शाळा सुटली ती सुटलीच.

परतीच्या जीपमध्ये अपेक्षाने पूजाचा हात घट्ट धरला. "ताई, आबांना उन्हाचं सांगू नको गो. मला पण दुकानावर बसवतील."

"आणि डोळे?"

"गेले तरी चालतील."

पूजाला तिची दया आली. खरोखर आली. पण डोळ्यांशी खेळ नको. आबांना सगळं सांगायचं, आणि हिला दुकानावर बसवलंत तर माझ्याशी गाठ आहे, हेही सांगायचं, असं तिनं जीपमध्येच ठरवून टाकलं.

आबा दुकानावरच होते. "काय बोलला डाक्टर?"

पूजाने तोंड उघडायच्या आत अपेक्षा बोलून गेली, "ऊन अजिबात चालणार नाय बोलले. घरातच ऱ्हायचं."

"ऊन वाईट?" आबांनी पूजाच्या रापलेल्या तोंडाकडे पाहिलं. "ही तर सात वर्षं उन्हातच बसतेय. हिला काय झालं नाय ते?"

आता आली का पंचाईत! अपेक्षा घाईघाईने हसली. "ताईला कुठं पुस्तकं वाचायची हायत? ताकच तर ओतायचं."

"ते पण खरं हाय," म्हणत आबाही हसले.

पूजाच्या अंगाचा तिळपापड झाला. मघाची दया कुठल्या कुठे गेली.

"बरोबर बोलते ती, आबा," ती शांतपणे म्हणाली. "डॉक्टर तर बोलले, उजेडच वाईट. खिडकी पण उघडी नको. शाळेतून आली की दार लावून घ्यायचं."

अपेक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं आहे म्हणून ओरडावं, तर कुठल्या तोंडाने?

आबांना पोरीची काळजी. ते तसेच उठून घरी आले, एक जुना फ्लेक्स घेतला, अपेक्षाला खोलीत बसवलं आणि खिडकीवर बाहेरून खिळे ठोकायला लागले. पूजा एकेक खिळा त्यांच्या हातात देत होती.

"आता कसं वाटतंय गो?" आबांनी विचारलं.

"बरं वाटतंय," आतून अपेक्षा म्हणाली.

"वर अजून फट हाय, आबा," पूजा म्हणाली, आणि तिनं पुढचा खिळा दिला.