घरचाच माणूस

“वाचा, पुढे वाचा,” सासरे म्हणाले. आवाज असा, की पुस्तकाला आता शिक्षाच सुनावणार.

जावयाने पान उलटलं. काकांनी दुकानातून आणलेली ही कादंबरी या घराचीच होती, त्यात शंकाच नव्हती. उशिरा आलात असं कुणाला म्हणताच येऊ नये म्हणून प्रत्येक घड्याळ वेगळ्या वेळेवर लावणारे सासरे त्यात होते. छत गळेल म्हणून घरात रेनकोट घालून वावरणारे काका होते. पिठाच्या डब्यात किल्ल्या लपवून मग त्याच शोधत बसणाऱ्या सासूबाईही होत्या. लेखकाचं नाव तेवढं नव्हतं. त्या जागी छापलं होतं, ‘घरचाच माणूस’.

“‘मी गप्प बसलो आणि यांच्याकडे बघत राहिलो,’” जावयाने वाचलं. “‘ही माणसं वेडी नाहीत. यांना एकमेकांवाचून करमत नाही, एवढंच.’”

“बसलो. राहिलो. म्हणजे पुरुष,” सासरे म्हणाले. “मी पुस्तकात आहे, हा रेनकोट पुस्तकात आहे. मग उरलं कोण?”

सगळे जावयाकडे बघायला लागले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ‘आता नीट दिसतंय ना’ विचारणारा हा साधा माणूस.

“मी नाही लिहिलं,” तो म्हणाला. “मी तर त्यात कुठे नाहीच.”

बोलता बोलता त्याला खरंच वाईट वाटलं. एवढी वर्षं या घरात काढली, आणि लिहिणाऱ्याला आपल्यावर एक ओळही सुचू नये?

“आतल्या गाठीचा आहे,” काकांनी निकाल दिला.

“पण तो सांगणारा कसा वाटतो हो तुम्हाला?” मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं. “समजूतदार वाटतो का?”

“समजूतदार कसला. खाल्ल्या घरचे वासे मोजतोय.” सासरे उठले. “आता या घरात एक तर मी राहीन, नाहीतर हा.”

लेकीने बापाला परोपरीने समजावलं. बाप ढिम्म. मग तीही नवऱ्यामागे बॅग भरायला गेली. जावयाच्या अगदी जिवावर आलं होतं. या तऱ्हेवाईक घराचा त्याला लळा लागला होता, आणि ते आता कुणाला सांगून पटणार नव्हतं.

तो दारापाशी आला तशा सासूबाई मटार टाकून आडव्या आल्या.

“जावईबापू, असं नका करू,” त्या म्हणाल्या. “दुसरा भाग निम्मा लिहून झालाय माझा. आता तुम्ही गेलात तर त्यात ‘मी’ कुणाला म्हणू?”