पाचवी शपथ

निकाह लावताना काझी मुलीच्या बापाचा हात नवरदेवाच्या हातात देतो आणि वर पांढरा रुमाल पांघरतो. आपल्या लेकीचा, नेहालचा निकाह तांता शहरातल्या मशिदीत आहे हे कानावर आलं, तसा फत्हीने स्वतःच एक कोरा रुमाल विकत घेतला, गुळगुळीत दाढी केली आणि मशिदीच्या दारात जाऊन उभा राहिला.

बावीस वर्षांपूर्वी ती पाळण्यात होती. तिला पोसायची जबाबदारी टळावी म्हणून त्याने कोर्टात चार वेळा अल्लाची शपथ घेतली होती, "ही पोर माझी नाही." पाचव्या वेळी, रीतीप्रमाणे, "खोटं बोलत असेन तर अल्लाचा शाप मला लागो." तेवढ्यावर तो सुटला होता.

"बाप असल्याचं आज बरं आठवलं!" नेहालचा मामा अंगावर धावून आला. "हो बाहेर!"

नेहालने मामाला मागे सारलं. तिच्या गालावर खळी होती, थेट फत्हीसारखी.

"पोरी, चुकलो गं. तेव्हा खोटं बोललो मी," फत्ही म्हणाला. "एकदा, फक्त एकदा सगळ्यांसमोर बाबा म्हण."

तिने त्याच्या हातातला रुमाल घेतला, नीट घडी केली आणि त्याच्याच खिशात ठेवला.

"असं बोलू नका, काका."



"तो शाप तुम्हाला लागू नये म्हणून मी लहानपणापासून रोज अल्लाकडे एकच मागते, की मी तुमची मुलगी नसावी."