उशीवरचं ऊन

"आई, वरच्या खोलीत झाडं लावू या. तूच निवड," असं सुश्रुत आपणहून म्हणाला, तेव्हा विद्युल्लताबाई इतक्या हरखल्या की नर्सरीत जायलाही त्यांनी ठेवणीतली साडी नेसली.

"धूप कितनी आती है, अम्मा?" माळ्याने विचारलं.

"गंगाजी के ऊपर से सीधे मेरे तकिये पर," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी मोगऱ्याची कुंडी उचलली. सुश्रुतने ती त्यांच्या हातून काढून परत ठेवली.

"मोगरा नको. त्याला रोज पाणी लागतं. कोरफड, स्नेक प्लांट असलं काही बघ. आठवडाभर कोणी फिरकलं नाही तरी जगणारं."

"अरे, मी दिवसभर खोलीतच असते की. मी घालेन पाणी."

सुश्रुतने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "ती खोली पुढच्या महिन्यापासून होमस्टेला देतोय, आई. गेस्ट असताना तू सारखी कशी आत जाणार? तुझी गादी खाली कोठीत घालू. गारवा असतो तिथे."

कोठीत भरदिवसाही दिवा लावावा लागे. कोरफडीच्या दोन चांगल्या कुंड्या बाईंनी निवडून दिल्या, हाताची माती पुसली आणि हळूच माळ्याला विचारलं, "भैया, अँधेरे में भी जी जाए, ऐसा कोई पौधा है?"

माळी काही सांगणार, तोच सुश्रुत हसला. "कोठीत कशाला झाड, आई? तिथे कोण येतंय बघायला?"