थांबणे : अर्थ आणि उगम

तीस वर्षं शब्दकोशाचं काम केलेले सासरे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांचं मन जरा रमावं म्हणून सून म्हणाली, “बाबा, कालपासून इथे जो तो आपल्याला ‘थांबा’ म्हणतोय. हा शब्द आला तरी कुठून?”

“संस्कृतातल्या ‘स्तंभ’वरून,” ते लगेच म्हणाले. “खांबासारखं जागीच उभं राहायचं. मग वाट पाहणं, दम खाणं, मुक्काम करणं असे अर्थ त्याला चिकटत गेले. कोशात आम्ही सात दिलेत.”

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. “काका, यंत्र चालू आहे म्हणून काकूंचा श्वास चालू आहे. मला वाटतं, आता आपण थांबावं.”



सासऱ्यांनी सुनेचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, “थांबावं म्हणजे काय गं?”