गोदामाची गोष्ट

"ताई, सगळं बोल. फक्त ते गोदामाचं बोलू नकोस."

भावाने हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ताईने चष्मा काढला आणि उगाचच पुसला. समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर दोघं बसली होती. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"का नको? खोटं आहे का ते?"

"खरंय गं. पण मी पडलो कंपन्यांचा माणूस. तू तपासणीविरुद्ध तोंड उघडलंस की सगळे म्हणणार, भावानेच पढवून पाठवली."

ताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. भावाचे केस पिकले होते, तरी घरात तो छोट्याच होता. सुरक्षा दलांना सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या वतीने तो कायदे करणाऱ्यांचे उंबरठे झिजवायचा. "तुझा धंदा काय, तर एकाला जेवायला घालायचं आणि बिल दुसऱ्याला पाठवायचं," असं ताई त्याला चिडवायची. पण मुलगा गेल्यापासून तिची थट्टाही गेली होती.

मुलगा सीमेवरच्या चौकीत होता. हल्ला झाला, त्याने मदत मागायला वायरलेस उचलला, आणि वायरलेस मुका. मदत पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

त्या दिवसांत छोट्या तिच्याच घरी राहिला. चहा करायचा, तिला दोन घास खायला लावायचा, भाच्याचे कपडे घड्या करून कपाटात ठेवायचा. अशाच एका संध्याकाळी तो ढसाढसा रडला आणि बोलून गेला, की नवे वायरलेस गोदामात पडून होते. खात्याच्या तपासणीचा शिक्का नव्हता म्हणून अडकले, आणि पोराच्या हातात जुनं भंगार राहिलं. दुसऱ्या दिवशी तो हातापाया पडला, "विसर गं ते, दुःखात बोलून गेलो." आता हे काय विसरायची गोष्ट होती?

सुरक्षा दलांच्या निधीचं विधेयक समितीपुढे होतं. पैशाला कुणाचीच ना नव्हती. भांडण होतं एका कलमावरून. खात्याची तपासणी पुरेशी नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्याशिवाय कुठलंही यंत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, असं ते कलम म्हणत होतं. एका आईचं म्हणणं ऐकू या, म्हणून अध्यक्षांनी ताईला बोलावलं होतं. ताईला एवढंच हवं होतं, की दुसऱ्या कुणाचं पोर असं मुक्या यंत्राशी झटत मरू नये.

तिने कागद वाचला. मुलाचं लहानपण, त्याचं शेवटचं पत्र, शेवटचा फोन. समोर कुणी हललं नाही. एका सदस्याने तर चक्क डोळे पुसले. कागद संपला, अध्यक्षांनी आभार मानले.

आता उठायचं होतं. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. छोट्या तिच्याकडेच बघत होता. त्याने हळूच मान हलवली. नको.

झालं! नको म्हटलं की ताईच्या अंगात यायचं, ते काही आजचं नव्हतं. पाण्यात जाऊ नको म्हणालात तर ही भिजूनच येईल, असं आई म्हणायची. लग्नसुद्धा तिने वडिलांच्या नाकावर टिच्चून केलं होतं.

"अजून एक सांगायचंय," ती म्हणाली. आणि गोदामाचं सगळं बोलली.

दालनात कुजबुज झाली. ते कलम जिने विधेयकात घातलं होतं, ती सदस्या पुढे झुकली. "बाई, तपासणी नकोच म्हणता का तुम्ही?"

"मी चष्मे बनवते. गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवून बघितल्याशिवाय देत नाही. पण म्हणून त्याला वर्षभर आंधळं ठेवत नाही. माझा मुलगा असल्याच एका शिक्क्याची वाट बघत मेला."

सदस्येने समोरची फाईल मिटली. मतदानाला हात वर झाले आणि ते कलम विधेयकातून वगळलं गेलं.

बाहेर आल्यावर ताईला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा दगड जरा हलल्यासारखा वाटला. पोरासाठी आपल्या हातून काहीतरी झालं.

कुबडी टेकत एक तरुण तिच्याकडे आला.

"काकू, ओळखलंत? चौकीत त्याच्यासोबत होतो मी."

फोटोत पाहिलेला चेहरा तिने लगेच ओळखला. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"चौकशी चालू आहे, घरच्यांना भेटायची बंदी आहे आम्हाला," तो म्हणाला. "पण आत बसून तुमचं ऐकलं आणि राहवेना. काकू, हे काय बोलून बसलात? त्याचा वायरलेस जुना नव्हता हो. नवाकोरा होता. त्याच आठवड्यात वाटले होते आम्हाला, खोक्यातून काढून थेट हातात. तपासले कुणी? जुनाच असता, तर आज तो…"

तो कुबडी सावरून घाईने निघून गेला.

ताईच्या डोक्यात एकच विचार पक्का होता. छोट्याला कुणीतरी खोटं सांगून फसवलंय. त्याला आधी गाठायला हवं. त्याच्या सगळीकडे ओळखी आहेत. तो अध्यक्षांना थांबवेल, ते कलम परत घालायला लावेल.

ती जवळजवळ धावतच निघाली. छोट्या पार टोकाच्या खिडकीशी पाठमोरा उभा होता, फोन कानाला लावून. त्याचे खांदे हलत होते. भाच्यासाठी रडतोय बिचारा, असं वाटून तिला आणखीच भरून आलं. त्याच्या पाठीवर ठेवायला तिने हात पुढे केला.

"तुम्ही कंपनीवाले उगाच घाबरत होता, साहेब," तो रडवेल्या आवाजात फोनवर सांगत होता. "माझ्या ताईला मी लहानपणापासून ओळखतो. बोलू नकोस म्हटलं, की ती बोलणारच."