समुद्राकडची खोली

माणसाला देवाने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे काहीही न करणं, असं मिठबावचा कॉस्मे सकाळी आठ वाजता अंगणात उभा राहून फोनवर सांगत होता. मागून त्याची बायको वेरोनिका दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन आली. कॉस्मेने तिला वाट दिली, बोलणं थांबवलं नाही. पलीकडे समुद्राकडची खोली दोन दिवस भाड्याने घेतलेले कोल्हापूरचे पाहुणे होते. मुलाला ताप आलाय, आम्ही येत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली.

झालं. समुद्राकडची खोली झाडून पुसून तयार, पलंगावर धुतलेल्या चादरी, ग्लासात जास्वंद, घरात दोन डझन बांगडे, आणि पाहुणा नाही.

“मगे मी रवतंय,” त्या खोलीकडे बघत वेरोनिका म्हणाली.

कॉस्मे हसला आणि हसता हसता उदार झाला. आजचा दिवस तू पाहुणी, घरचं सगळं मी बघतो, असं त्याने जाहीर केलं. त्याचा अंदाज साधा होता. ही नऊपर्यंत कशीबशी दम काढेल आणि सव्वानऊला खोबरं खवायला बसेल. वेरोनिकाला मात्र अख्खा दिवस हवा होता, मधे कुणी हाक मारून न मोडलेला. तिने बादल्या खाली ठेवल्या, ओले हात गाऊनला पुसले, फाटकाबाहेर गेली आणि पाहुण्यासारखी पुन्हा आत आली.

पाहुण्यांशी कॉस्मे शाळेतल्या मराठीत बोलतो. सवयीने तो विचारून बसला, “प्रवास कसा झाला, मॅडम?”

“फोंडाघाटात जरा मळमळलं,” वेरोनिका म्हणाली आणि खोलीत गेली.

नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. खोलीतून पंख्याचा आवाज तेवढा येत होता. वेरोनिका पलंगावर आडवी पडून खिडकीकडे बघत होती. आडवं पडलं की दोन माडांच्या मधून समुद्राची पट्टी दिसते, असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची, कॉस्मेच्या भरवशावर. आज खात्री झाली. खरंच दिसते.

साडेदहाला स्वयंपाकघरात काहीतरी पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं. वेरोनिकाने डोळे घट्ट मिटून घेतले. मग करपलेल्या खोबऱ्याचा वास आला. तिने पलंगाची कड धरून ठेवली. मग कॉस्मे स्वतः दारात आला. त्याच्या कानाला हळद लागली होती.

“गो, तिरफळां खंय आसत?”

बांगड्याच्या कालवणात तिरफळं नसतील तर मिठबावात त्याला कालवण म्हणत नाहीत. तिरफळं फडताळात, मधल्या खणात, निळ्या झाकणाच्या बरणीत होती. वेरोनिकाच्या ओठांपर्यंत बरणी आली होती.

“आम्हाला काय माहीत, काका,” ती म्हणाली. “आम्ही आजच आलो.”

कॉस्मेने हळदीचा कान खाजवला. मग गेला.

अकरा वाजता शेजारची जहिरा विळी मागायला आली, तेव्हा वेरोनिका माडांना बांधलेल्या झोळीत झुलत होती. भर दिवसा बाई आडवी पडलेली बघून जहिराने आधी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग घरात भांडण झालं का, असं हळूच विचारलं. भांडणही नव्हतं. खरा प्रकार कळल्यावर जहिरा विळी विसरली. तिने खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आपल्यासाठीही अर्धा कप चहा सांगितला. कॉस्मेने तो आणून दिला. देताना त्याने जहिराच्या नवऱ्याची, मुस्तफाची, चौकशी केली. मुस्तफाला यातलं काही कळू नये, अशी त्याची इच्छा दिसत होती. जाताना जहिराने सांगितलं, की ती सरळ घरी जाऊन मुस्तफाला हेच सांगणार आहे.

जेवण अडीचला झालं. भात कच्चा होता, कालवणात तिरफळं नव्हती. वेरोनिका सगळं जेवली. कसं झालंय, असं कॉस्मेने विचारलं.

“घरगुती चव आहे,” ती म्हणाली.

कॉस्मेला वाईट वाटलं. न आवडलेल्या कालवणाला पाहुणे काय म्हणतात, हे त्याला चांगलं माहीत होतं.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तो कमरेवर हात धरून झोळीपाशी आला. एक बोट भाजलं होतं, बनियनवर कालवणाचा नकाशा होता. कुंपणाच्या मातीच्या गडग्यावर टेकून त्याने सुरुवात केली. विश्रांती चांगलीच, पण तिलाही शेवट असावा. घर म्हणजे घरच. भांडीसुद्धा हात ओळखतात. सकाळपासून तुलाही चुकल्यासारखं होत असणार, मला कळतं. रात्रीच्या पेजेला मीठ किती घालायचं हे काही पुस्तकात लिहिलेलं नसतं.

वेरोनिकाने सगळं ऐकून घेतलं. मग पाहुणी झाल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्याशी आपल्या बोलीत बोलली.

“अकरा वर्सां त्यो चादरी मी धुतंय रे. आज पयल्यांदा तेंच्यार निजलंय.”

खाली वाळूत एक होडी ओढून लावत होते, तिकडे कॉस्मे बघत राहिला. उठून ओटीवरचा दिवा लावून आला. परत येऊन पुन्हा गडग्यावर बसला, या खेपेला तिच्या जवळ. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मोठं काहीतरी, छत्तीस वर्षांच्या संसाराविषयी, आणि बहुतेक त्यात माफीही होती. त्याने घसा साफ केला.

“वेरोनिका...”

“काका,” समुद्रावरची नजर न काढता ती म्हणाली, “एक उशी जास्तीची मिळेल का?”