ज्याची तक्रार, त्याचं पेट्रोल

राजधानी कंपालाहून पोलीस ठाण्याची तपासणी करायला आलेल्या लामुनू मॅडम पेट्रोलचा खर्च पाहून चकितच झाल्या.

"ओजारा, एवढी काटकसर अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमली नाही. करता तरी कसं?"

ठाणेदार ओजारा खुलला. "सरकारी पेट्रोलला शक्यतो हातच लावत नाही, मॅडम. ज्याची तक्रार, त्याचं पेट्रोल. लोकांनाही सवय झालीय आता."

"वा! बाकीच्या ठाण्यांनी तुमचा कित्ता गिरवायला हवा," असं म्हणून मॅडमनी तसा शेराही मारला.

तेवढ्यात एक म्हातारा सायकल ढकलत आवारात आला. मागं पेट्रोलचा कॅन बांधलेला होता.

"साहेब, जावई पोरीला मारतोय म्हणून काल धावत आलो होतो ना? तुम्ही म्हणालात, पेट्रोल आणा, लगेच निघू. आणलंय."

ओजारानं लगबगीनं टोपी चढवली. "चला बाबा, बसा गाडीत. आत्ता मुसक्या बांधतो त्याच्या!"

म्हातारा खाली मान घालून कॅनची दोरी सोडत राहिला.

"तो पळाला, साहेब. पोरीला माझ्या अंगणात पुरायचंय, आणि सायकलवर तिला निजवता येईना. सावकाश चला. आता घाई नाही."